टीप क्रमांक सदतीस

बाणेरच्या सातव्या मजल्यावर, काचेच्या खोलीत
मी अध्यक्षांचं मनोगत लिहिते.
पानामागे साडेआठशे, दुरुस्त्या धरून.
दर वर्षी ते माझ्या शब्दांत भागधारकांना 'प्रिय' म्हणतात.
आमची गाठ एकदाच पडली, लिफ्टमध्ये.
त्यांनी विचारलं, कितवा?

नफा असला की वर्तमानकाळ:
आम्ही घडवतो, आम्ही विस्तारतो, आम्ही झेप घेतो.
तोटा असला की कर्त्याला रजा.
'विक्रीत घट झाली.'
म्हणजे घटच कर्ता.
जणू चाकणहून पहिल्या बसने एकटीच आली,
गेटवरच्या वहीत सही करून
आत जाऊन बसली.

आलेखाचे पाय नव्वदीवर कापले
तर तीन टक्केसुद्धा पर्वतीएवढे उभे राहतात.
पान नऊवर रोप लावणारे हात, नखं स्वच्छ.
पान चौदावर हेल्मेट घातलेली बाई हसते;
ती आमच्याकडे कामाला नाही.
साठाव्या पानानंतर कागद पातळ होतो,
अक्षर बारीक होतं,
आणि जे खरोखर घडलं
ते तिथे राहायला जातं, आठ पॉइंटात.

टीप सदतीस, पान दोनशे सहा:
'भोसरी प्रकल्पात एकशे अठरा पदांचे
सुसूत्रीकरण करण्यात आले.
एक नुकसानभरपाईचा दावा प्रलंबित आहे.'

सुसूत्रीकरण माझं.
आधी 'कपात' होती, पण तिला धार आहे म्हणाले.
दाव्यापुढे मूळ फाइलीत नाव होतं,
सुभान मुलाणी, प्रेस शॉप, डावा हात, चार बोटं.
तेही मीच काढलं.
ओळ पुढच्या पानावर जात होती.

सभा शिवाजीनगरच्या हॉलमध्ये.
ठराव एक, मंजूर. ठराव दोन, मंजूर.
मग चिंतामण सोवनी उठले,
साठ शेअर, कापडी पिशवी,
अर्ज करून मागवलेली छापील प्रत,
शेवटच्या पानापासून पुढे वाचत आणलेली,
समासात पेन्सिल.

'पान दोनशे सहा,' ते म्हणाले.
'मी बत्तीस वर्षं पाचवीला व्याकरण शिकवलं.
कर्ता सापडत नसला की धातूला णारा लावायचा
आणि विचारायचं, कोण?
तर माझा प्रश्न एवढाच.
सुसूत्रीकरण करणारा कोण?'

मागच्या रांगेत कुणी हसलं.
अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला.
'उत्तम प्रश्न. याची जरूर नोंद घेतली जाईल.'
'घेणारा कोण?'
पण माइक तोवर
लाभांशाबद्दल आभार मानणाऱ्या गृहस्थांकडे गेला होता.

इतिवृत्त मीच लिहिलं, त्याच रात्री:
'एका सभासदाने भाषाविषयक सूचना केली.
तिचे स्वागत करण्यात आले.'
वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता.

त्याआधी, सभा सुटल्यावर,
खाऊच्या डब्यांची रांग हलत नव्हती
आणि सोवनी नेमके माझ्या पुढे.
डबा उघडून त्यांनी ढोकळा मोजला, दोन.
'मराठी मात्र चांगलं आहे हं अहवालाचं,' मला म्हणाले,
'हल्ली असं वाचायला मिळत नाही.
फक्त पान बारावर आशिर्वादातली शि ऱ्हस्व पडलीये.
तुम्ही कंपनीतल्या दिसता.
लिहिणारा कोण हो?'

माझ्या हातात डबा होता, वरचं रबर निघत नव्हतं.
'बाहेरून,' मी म्हणाले,
'करून घेण्यात येतं.'